गवंड्याने केलेला वाफा

शिवणकाम करणाऱ्या बाईचं मशीन खिडकीशी होतं, पण खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. घरापुढे चार पावलांचा एक तुकडा होता. ओला असला की चपला ओढून घ्यायचा आणि वाळला की हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. चिकणमाती, दुसरं काय. नवरा गवंडी. त्याला तिथे फरशी घालून स्कूटर लावायची होती.

"एक वर्ष द्या," ती म्हणाली होती. "फुलं नाही आली तर घाला काय घालायचं ते."

बी फुकटचं होतं. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या मैदानात दरवर्षी कुणी न लावता निळी-पिवळी रानफुलं यायची. शिवलेले कपडे पोचवायला ती मुद्दाम तिकडून जायची. यंदा तिथे इमारतीचा पाया खोदायला घेतला, आणि त्या कामावर नेमका तिचाच नवरा लागला. खोदाईच्या आदल्या दिवशी तिने वाळलेली बोंडं पदरात भरून आणली, चोळली, पाखडली आणि बी बटणांच्या डब्यात ठेवलं. हे वाया गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

शाळेच्या गणवेशांची घाई होती, तिथेच तिचं चुकलं. "अहो, तेवढी माती जरा सारखी करून द्या ना," ती म्हणाली आणि मशीनवर बसली.

गवंड्याला सांगितलेलं काम त्याने गवंड्यासारखंच केलं. चिकणमातीत वाळू घातली, पाणी घालून कालवलं, पसरलं, धुमसाने ठोकून सपाट केलं. तिने त्यावर अर्धं बी टाकलं. मग तो रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालू लागला. आयुष्यात कधी तुळशीला पाणी न घातलेला माणूस! तिला खरंच भरून आलं. आपण उगाच याला दगड म्हणतो, असंही वाटलं.

तीन आठवडे झाले तरी हिरवा ठिपका दिसेना, तेव्हा तिने कात्रीचं टोक खुपसून पाहिलं. टोक वाकलं. कापडाची कात्री, जिने ती कुणाला कागदसुद्धा कापू देत नसे.

"हे काय करून ठेवलंत?"

"काय म्हणजे? पक्कं झालंय." त्याने टाच आपटून दाखवली. "रोज पाणी मारलंय. एक भेग दाखव."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी रोपांना नव्हतंच, नव्या फरशीला मारतात तसं भेगा पडू नयेत म्हणून जमिनीला होतं. "भेगेतच तर रुजतात ती. त्या मैदानात कुणी वाळू घातली होती? कुणी ठोकून दिलं होतं?"

मैदान त्यानेच तर खणलं होतं. "माती हीच आहे तिथली," तो म्हणाला. "पहार आत जात नव्हती." मग खालच्या आवाजात विचारलं, "बी संपलं?"

"अर्धं आहे."

सुट्टीच्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन तो स्वतःचंच काम फोडत बसला. प्रत्येक तुकड्याबरोबर सुस्कारा. असं काम गिऱ्हाइकाकडेही साधत नाही, हे त्याने तिला दोनदा ऐकवलं. मैदानातल्या बांधकामावरची टाकून द्यायची वरची माती त्याने घमेल्याने आणली आणि ढेकळं तशीच पसरली. तिने उरलेलं बी टाकलं, पायाने दाबलं, वर चिंध्या अंथरल्या. ओबडधोबड वाफ्याकडे बघून त्याचा हात थापीकडे गेलाच. तिने थापी काढून घेतली आणि मशीनच्या खणात टाकली.

नंतरचे दिवस ती चिडलेलीच होती. त्याच्यावर, आणि घाई केल्याबद्दल स्वतःवर. शिलाई दोनदा उसवावी लागली.

एका सकाळी तो वाफ्याशी उकिडवा बसलेला दिसला. चिंधीखालच्या भेगेतून दोन पानं वर आली होती.

"हे तुझं फूल की गवत?"

ती वाकली. इतकी वर्षं तिने फुलं पाहिली होती, रोप कधीच पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "हात लावू नका."

त्याने हात मागे घेतला. कामावर जाण्याआधी त्याने चार विटा आणून त्या दोन पानांभोवती उभ्या केल्या. सवयीने एक डोळा मिटून रेघ पाहिली. एक वीट वाकडी होती. ती त्याने तशीच राहू दिली.