सावकाश चढणारी साखर

तिने टॉफीच्या लाल कागदाचे दोन्ही कान हलकेच उलगडले, आतली टॉफी काढून पर्समध्ये टाकली आणि तिच्या जागी औषधांच्या दुकानातून आणलेली बिनसाखरेची टॉफी ठेवून कागद पुन्हा पिळला. मूळचा पीळ होता तसाच. मग दुसरी घेतली. सलूनचं शटर अर्धं खाली होतं, आरशांवरून नुकताच ओला फडका फिरला होता, आणि वस्तऱ्यांच्या खालचा खण उघडा होता. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचं दुकान झाडायला तीच येत असे.

मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातला हा प्रकार. नव्या ब्रशांच्या खोक्यामागे, टॉवेलाखाली मूठभर टॉफ्या! पहिल्यांदा सापडल्या तेव्हा ती हातातला झाडू टाकून मटकन खुर्चीत बसली होती. ती डोळ्यांत तेल घालून त्याचं मधुमेहाचं पथ्य सांभाळत होती आणि हा इथे चोरून गोड खात होता. पण भांडायचं कशाला? इतक्या वर्षांत त्यांच्या घरात आवाज चढला नव्हता. ज्याचं चुकेल त्याचं दुसऱ्याने गुपचूप निस्तरायचं, ही त्यांची रीत. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

पथ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी ग्लायसेमिक इंडेक्स हा शब्द एकदा उच्चारला, आणि आता ती तो असा वापरी की शेजारणींना वाटावं, हिच्या माहेरचंच कुणीतरी असेल. बटाटा गेला, पांढरा ब्रेड गेला, फळांचे रस गेले. जव आले, मसूर आली, सालासकट सफरचंद आलं.

"रक्तात सावकाश चढतं ते आपलं," ती म्हणे, "झटकन चढतं ते परकं."

"अगं, अति तिथे माती," शेजारीण एकदा म्हणाली.

"माती झाली असती ती साखरेने," तिने तोडून टाकलं.

गोळी बदलून दिली त्या दिवशी डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवलं होतं. "ही जरा जोराची आहे. घाम फुटला, हात थरथरले, तर वेळ घालवू नका. काहीतरी गोड तोंडात टाका."

"गोड?" ती हसली होती. "आमच्या घरात औषधालासुद्धा साखर सापडायची नाही, डॉक्टर."

तेव्हा नवरा आपल्या चपलांकडे बघत राहिला.

टॉफ्या बदलल्यापासून रिपोर्ट असा आला की तिने तो दोनदा वाचून दाखवला. तो मात्र जेवताना म्हणाला, "हल्ली जिभेची चव गेलीय माझ्या." ती पाठ वळवून गालातल्या गालात हसली. खऱ्या टॉफ्या फेकायला जीव होत नव्हता, म्हणून त्या तिच्या पर्समधून एकेक करून तिच्याच पोटात जात होत्या. आपल्याला काय, आपली साखर बरोबर होती.

मग काही बारीकसारीक गोष्टी झाल्या. त्याच्या हातून कप निसटला. गिऱ्हाईक त्याला उस्ताद म्हणत, लोण्यासारखा हात म्हणून दुसऱ्या गल्लीतून येत. त्यातला एक जण हनुवटीला कापूस लावून तिला रस्त्यात भेटला आणि नजर चुकवून पुढे गेला. "वस्तरा बोथट झालाय," नवरा म्हणाला. त्याने नवा वस्तरा आणला. एका दुपारी तो कारण नसताना तिच्यावर खेकसला आणि लगेच, काय बोललो तेच न आठवल्यासारखा, भिंतीकडे बघत बसला. वय झालं, तिने मनाशी म्हटलं, आणि मसुरीत पालक थोडा जास्त घातला.

मुलगी आणि जावई दोन दिवसांसाठी आले, तेव्हा सासऱ्याने जावयाला आरशातही बघू दिलं नाही. "ते गुरगुरणारं मशीन बॅगेत ठेव. उद्या दुकानात ये. दाढी म्हणजे काय ते कळेल."

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाचा डबा घेऊन ती नेहमीसारखी मागच्या दाराने आत शिरली. पर्समधली शेवटची टॉफी तिने वाटेतच तोंडात टाकली होती. पडद्यापलीकडे पंखा घरघरत होता. ती डबा ठेवणार, तेवढ्यात नवऱ्याचा आवाज आला. शब्द जड येत होते.

"थांब हं जरा. औषध घेतो."

"कसलं औषध, बाबा?"

"टॉफी. डॉक्टरांनीच सांगितलंय. हात थरथरला की एक टाकायची, की पाच-दहा मिनिटांत स्थिर. तुझ्या सासूला नको सांगूस. घरात साखर म्हटलं की तिचा जीव जातो, उगाच बिचारीला वाईट वाटायचं." कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. "पण हल्ली एकीने भागत नाही बघ. दोन घेतो, तीन घेतो. मालच खराब यायला लागलाय."

जावई हसला. वस्तरा पट्ट्यावर फिरू लागला; ज्या लयीत एरवी फिरे तिच्यात मध्येच एक ठेका चुकत होता.

ती भ्यायली, आयुष्यात कधी भ्यायली नव्हती इतकी.

तिने पडदा सारला. जावई मान मागे टाकून, डोळे मिटून निवांत बसला होता. गळ्यावर पांढरा फेस. नवऱ्याच्या ओठांवर घामाचे थेंब होते, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि पात्याचं टोक कानाखाली टेकायला जागा शोधत होतं. खाली फरशीवर लाल कागद पडले होते.

तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, सोडा तो."

"बाजूला हो." हा आवाज त्याचा नव्हता. "गिऱ्हाईक बसलंय."

"जावईबापू, उठा. हळूच, मान बाजूला घेऊन उठा. समोरच्या चहावाल्याकडून साखर आणा. पळा!"

जावयाने सासूचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता, फेसासकट धावत सुटला. मनगटातली ताकद अचानक गेली. वस्तरा फरशीवर खणकला आणि नवरा त्याच खुर्चीत कोसळला. त्याचे डोळे उघडे होते, पण तिच्यावर ठरत नव्हते.

तिने डबा उघडला. जव. मसूर. सालासकट सफरचंदाच्या फोडी. एकेक झाकण ती काढत गेली. सगळं तिने स्वतः निवडलेलं, सगळं सावकाश चढणारं. एकही घास असा नव्हता, की जो आत्ता त्याच्या उपयोगी पडावा.

मग तिला आपल्या तोंडातली गोडी जाणवली. तिने गालातली टॉफी बाहेर काढली. नखाएवढी उरली होती. त्याची हनुवटी धरून तिने ती त्याच्या जिभेवर ठेवली.

"चावा. अहो, चावा ना."

त्याचा जबडा हलला. थांबला. पुन्हा हलला. तो चव ओळखत होता. कपाळाला बारीक आठी पडली.

"ही खरी," तो पुटपुटला. मग लहान मुलासारखं तिच्याकडे बघत म्हणाला, "माझ्या कुठे गेल्या?"

ती दाराकडे बघत राहिली. जावई अजून दिसत नव्हता. तिची जीभ अजून गोड होती.