प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही

आमच्या चर्चच्या मंडळीत साखळी प्रार्थनेचा नियम पक्का आहे. गोल बसायचं, डोळे मिटायचे, आपली पाळी आली की मोठ्यानं बोलायचं. आमेन म्हटलं की पाळी शेजारच्याकडे. दुसऱ्याच्या प्रार्थनेत मध्ये तोंड घालायचं नाही. माझ्या नणंदेला हा नियम फार सोयीचा पडतो. जे एरवी बोललं तर चुगली ठरेल, ते ती प्रार्थनेत घालते. "प्रभू, आमच्या एका बहिणीचा मुलगा नापास झालाय," म्हटलं की बहीण कोण ते सगळ्यांना बरोब्बर कळतं, आणि वर सगळे आमेनही म्हणतात.

आणि अशा बाईजवळ मी काल मन मोकळं करून बसले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. जावयानं लेकीवर हात उचलला होता, तोही पहिल्यांदा नव्हे. लेक माझ्याकडे निघून आली ती लांब बाह्यांचा ड्रेस घालून. म्हणाली, "आई, मंडळीत कुणाला कळू देऊ नकोस. मी तोंड कसं दाखवू?" मी शब्द दिला, आणि दुसऱ्याच दिवशी नणंदेपुढे मोडलाही. आता बस भोगत.

आजच्या प्रार्थनेला जावई हजर. गिटार वाजवून गाणारा, म्हाताऱ्यांना हात धरून बसवणारा, सगळ्या मंडळीचा लाडका. आल्या आल्या हसत म्हणाला, "प्रार्थना झाली की हिला घरी घेऊन जातो." लेकीनं बाही मनगटापर्यंत ओढली. मी दोघांच्या मधली खुर्ची धरली. तेवढंच माझ्या हातात होतं. त्याच्या पलीकडे नणंद, म्हणजे आधी ती, मग तो, मग मी, मग लेक.

निवृत्त हेडमास्तरांनी सुरुवात केली. त्यांच्या प्रार्थनेतून जगातला एकही देश सुटत नाही. एरवी मी तेवढ्यात मनातल्या मनात उद्याचा स्वयंपाक उरकते. आज वाटत होतं, त्यांनी समुद्रातली बेटंसुद्धा घ्यावीत. पण झालं त्यांचं आमेन.

नणंदेनं घसा खाकरला.

"प्रभू, आमच्या एका लेकीसाठी..."

लेकीनं माझं मनगट घट्ट धरलं. नणंद थांबली. मग म्हणाली, "तिला सांभाळ. आमेन."

जन्मात पहिल्यांदा बाईनं जीभ आवरली होती. मला तिची पापी घ्यावीशी वाटली.

मग जावई. आवाज एकदम मऊ. "बापा, माझ्या बायकोला नम्र मन दे. तिचं कुठं चुकतं ते तिला दाखव. आणि तिच्या आईलाही समज दे, की लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या घरीच शोभते."

"होय, प्रभू," चहूकडून आलं. हेडमास्तर तर दोनदा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या देवापाशी मी रात्रंदिवस रडत होते, त्यालाच हा माणूस आपल्या बाजूनं उभा करत होता.

"आमेन," तो म्हणाला. पाळी माझी.

आजाऱ्यांसाठी दोन वाक्यं बोलायची आणि सुटायचं, एवढं सोपं होतं. बोलले तर लेक मला माफ करील की नाही, ठाऊक नव्हतं. नाही बोलले तर आज ती त्याच्याबरोबर जाणार होती. मी तिच्याकडे वाकले आणि पुटपुटले, "सांगू?"

तिनं माझ्या मनगटावरचा हात काढून घेतला. मी डोळे उघडले. ती आपली बाही वर सारत होती.

"प्रभू," मी म्हणाले, "माझ्या लेकीच्या दंडावर तिच्या नवऱ्याची बोटं उमटलीत. तुला तर दिसतंच. आता या सगळ्यांनाही डोळे उघडू दे."

"आई, हे काय बोलताय..." जावई उठायला लागला.

"मी प्रार्थना करतेय," मी म्हणाले. "मध्ये बोलायचं नाही."

तो तसाच अर्धवट उभा राहिला. एकेक करून सगळ्यांनी डोळे उघडले. लेकीनं दंड झाकला नाही.

"आमेन," मी म्हणाले, आणि पाळी तिच्याकडे गेली.

"प्रभू, मी आज याच्याबरोबर जाणार नाही," लेक म्हणाली. पुढं आमेन म्हणायचं तिला सुचलंच नाही.

ते हेडमास्तरांनी म्हटलं, अगदी हळू. तोवर नणंद आपली खुर्ची उचलून लेकीच्या शेजारी येऊन बसली होती.