गुडघाभर पाण्यातली हजेरी

कुंदा नर्मदेच्या परिक्रमेला निघाली तेव्हा जबलपूरच्या राइट टाउनातल्या मराठी मंडळींनी तिला आठ दिवस दिले होते. आठ दिवसांत पायाला फोड येतील आणि नवव्या दिवशी बाई टांग्यातून घरी, असा सगळ्यांचा हिशेब. त्यात तिचा सख्खा मोठा भाऊ भय्यासाहेबही होता, आणि तो हे चांगलं मोठ्यानं म्हणाला होता.

कुंदा शाळेत मास्तरीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लढाई पेटली, शाळेची इमारत गोऱ्या शिपायांच्या मुक्कामाला गेली, आणि कुंदाच्या हातातला खडूही गेला. भावाच्या घरी बसून शिपायांसाठी मोजे विणायचे, एवढंच काम उरलं. आता नुसतं बसून राहणं ज्यांना जमतं त्यांना जमतं. कुंदाला ते लहानपणापासून जमलं नव्हतं. तिनं अर्धा विणलेला मोजा वहिनीच्या हातात ठेवला, ग्वारीघाटावर जाऊन संकल्प सोडला आणि चालायला लागली.

परिक्रमेचे नियम सोपे आहेत. पाळायला तेवढे अवघड. नदी सदा उजव्या हाताला ठेवायची. उगमाला वळसा घालून पलीकडच्या तीरानं थेट समुद्र गाठायचा, तिथं नावेतून पलीकडे जायचं आणि या तीरानं घरी यायचं. मधे कुठंही नदी ओलांडायची नाही. नदीतल्या बेटावरसुद्धा जायचं नाही. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरायचं नाही. उतरलं की व्रत संपलं, मग देवाकडे वशिला असला तरी उपयोग नाही.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. अमरकंटकला वळसा घालून कुंदा दक्षिण तीरानं परत खाली आली, आणि आषाढ लागला. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत. जिथं असतील तिथं मुक्काम करतात. कुंदा होती बरगीच्या जंगलात, पाटणच्या एका मालगुजार जमीनदाराच्या गाईंच्या तळावर. कुडाच्या चार झोपड्या, एक लांब गोठा आणि भोवती माणसापेक्षा उंच गवत. पावसात वाट बुडाली की जगाशी संबंध फक्त नावेचा. रोज सकाळी दुधाचे डबे नावेतून पलीकडे जात आणि तिथून जबलपूरला, जखमी शिपायांच्या इस्पितळात. गंमत अशी की त्याच पलीकडच्या तीरावरून अर्धा दिवस चाललं की कुंदाचं घर. वारा तिकडून असला तर जबलपूरच्या कारखान्यातल्या तोफांच्या चाचणीचा आवाजही ऐकू यायचा. इतकं जवळ, आणि तिच्या वाटेनं पाहिलं तर अजून दोन वर्षं लांब.

तळाचा मुख्य गवळी सुखलाल. त्यानं तिला एक कोपरा दिला, दोन वेळा शिधा देऊ केला आणि हात जोडले. परिक्रमावासीला खाऊ घालणं हे तिकडे पुण्य. पण चार महिने बसून खाणं कुंदाच्या पोटाला पचेना. काहीतरी काम दे, म्हणून ती त्याच्या मागंच लागली. धार काढायला बसवली तर गाईनं तिला बादलीसकट उलटं केलं. शेणाच्या पाट्या उचलल्या, डबे घासले, तरी दिवस उरायचाच. शेवटी वैतागून सुखलालनं संध्याकाळी गाईंकडे बोट दाखवलं.

"बाई जी, जरा इन्हें हाँक दो."

कुंदाला हिंदी चांगली यायची. पण कान शेवटी मराठी. तिला ऐकू आलं, 'यांना हाक द्या.' गाई हाकतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण ज्या बाईनं उभ्या आयुष्यात खडूखेरीज काही हातात धरलं नाही, तिच्या मनात 'हाक' म्हटल्यावर काठी कशी यावी? ती गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि हाक देऊ लागली.

हाक द्यायची तर नाव हवं. गाईंना नावं नव्हती. ढवळी, काळी, एकशिंगी, एवढ्यावर काम चालायचं. कुंदाला तीसेक नावं एका क्रमानं पाठ होती, ती म्हणजे चौथीच्या वर्गाची हजेरी. तिनं ती गाईंवर वाटून टाकली. पुढं चालणारी पांढरी, ती सरस्वती. तिच्यामागची यमुना. भांडखोर एकशिंगी, द्वारका. आणि सगळ्यांच्या शेवटी रेंगाळणारी तांबडी, ती बेबी. कारण शाळेतली बेबीही प्रार्थना संपल्यावरच यायची. नाव घेतल्यावर गाय आली की तिला मिठाचा खडा. पहिले काही दिवस गाईंनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही आणि गवळ्यांची पोटं हसून दुखली. मग एके संध्याकाळी सरस्वती आली. मग यमुना. श्रावण लागेपर्यंत सगळा कळप नाव घेतल्यावर ओळीनं गोठ्यात शिरू लागला, आणि शाळेत कधी लागली नव्हती एवढी शिस्त त्या जंगलात लागली.

तेव्हा कुठं सुखलालचं हसू मावळलं. गाई आता काठीला जुमानेनात. मागून हाकललं की जागच्या जागी उभ्या राहत आणि माना वळवून बाईंची वाट पाहत. एक दिवस कुंदाला ताप होता, तर कळप अंधार पडेपर्यंत बाहेर उभा. सुखलाल तणतणत आला, बाईंना हाँकायला सांगितलं होतं आणि बाईंनी गाईंना पोरी करून ठेवलं, म्हणाला. आणि त्या भांडणात चूक उघडी पडली. कुंदाला इतकी लाज वाटली की ती दोन दिवस हाकच देईना. पण गाई काही ऐकायला तयार नव्हत्या. इतिहासात 'ध'चा 'मा' झाला आणि एक जीव गेला; आमच्या कुंदाबाईंनी 'हाँक'ची 'हाक' केली आणि तीस जनावरं बिघडवली, असा तिनं स्वतःलाच टोमणा मारून घेतला.

श्रावणात पावसानं उघडीप दिली. नदीचं पाणी उतरलं, तळासमोरच्या बेटावर कोवळं गवत माजलं, आणि सुखलाल रोज सकाळी उथळ धारेतून गाई तिकडे सोडू लागला. अशाच एका रविवारी दुधाच्या रिकाम्या डब्यांबरोबर नावेतून भय्यासाहेब उतरला. तोफगाड्यांच्या कारखान्यात तो कारकून होता. लढाईमुळे सुट्टी म्हणजे दुर्मीळ वस्तू, तीही त्यानं बहिणीसाठी खर्ची घातली होती. बरोबर वहिनीनं दिलेले लाडू होते, आणि पोटात एक बेत.

त्यानं बहिणीचे भेगाळलेले पाय पाहिले, झोपडी पाहिली, आणि लाडवांचा डबा उघडण्याआधीच बेत बाहेर आला.

"कुंदे, चल घरी. आठ महिने चाललीस, झालं की नाही? कोणी हसून नाही राहिलं आता. नाव उभी आहे, सांजेला घरी पोचतो आपण."

"आणि व्रत?"

"घर समोर आहे अन् तू समुद्राला जाऊन राहिली. काहून एवढा हट्ट?"

हट्ट होताच. आयुष्यात जे जे हाती घेतलं ते कुणीतरी मधेच काढून घेतलं होतं: संसार दैवानं, शाळा लढाईनं. ही एक गोष्ट तिला शेवटास न्यायची होती. भाऊ प्रेमानं बोलत होता, आणि प्रेमानं बोलणाऱ्याला नाही म्हणणं फार जड जातं. नाव पुढ्यात होती. नुसतं बसायचं होतं.

ती काही बोलणार तेवढ्यात तीरावर आरडाओरडा झाला. डोक्यावर लख्ख ऊन होतं, पण वर, उगमाच्या बाजूला मंडल्याकडे आभाळ फाटलं असावं. नदी गढूळ होऊन फुगत येत होती. सकाळची उथळ धार आता बेट आणि तीर यांच्या मधून ओंडके वाहून नेत होती. गाई बेटावर होत्या.

सुखलाल आणि दोघं गवळी काठ्या घेऊन नावेतून बेटावर गेले. तीरावरून सगळं दिसत होतं. ते मागून हाकत, ओरडत, काठ्या हाणत. गाई पाण्यापाशी येत आणि उलट फिरून बेटाच्या मधल्या उंचवट्यावर गर्दी करत. गाय पोहते, पण स्वतः पाण्यात उतरली तर. बेट बघता बघता अर्ध्यावर आलं. सुखलाल दोघांना घेऊन नावेतून परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आज तो रागावला नव्हता. त्यानं कुंदाच्या पायांकडे हात नेले.

"बाई जी, आपकी ही सुनेंगी. नाव में चलो."

भय्यासाहेबाला तर आयतंच कारण मिळालं. पण त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता. मुकी जनावरं बुडून राहिलीत कुंदे, व्रत त्याहून मोठं आहे का, एवढंच त्यानं विचारलं.

नव्हतं. कुंदाला हे क्षणात कळलं, आणि कळलं तसं डोळ्यांत पाणीही आलं. आठ महिन्यांची वाट, फोड, काटे, उपास, सगळं त्या नावेच्या काठाशी येऊन थांबलं होतं. पण रडत बसेल तर ती कुंदा कसली.

"नाव इथंच राहू दे," ती म्हणाली. "आधी इथूनच हाक देते. नाही आल्या तर मी नावेत बसते. व्रत गेलं तर गेलं."

तिनं गवळ्यांना काठ्या टाकून बाजूला व्हायला लावलं. सुखलालनं ओढ पाहून सांगितलं की गाई वाहत खालच्या अर्जुनाच्या झाडापाशी लागतील, तेव्हा कुंदा तिथं धावली आणि पाण्यात उतरली. घोटाभर, पोटरीभर, गुडघाभर. तिथं ती थांबली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज लावला.

"सरस्वती!"

नदी गर्जत होती. उंचवट्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यानं मान वर केली. कुंदानं पुन्हा हाक दिली. सरस्वती काठाशी आली, पाणी हुंगलं आणि उतरली. ओढीनं तिला तिरकं नेलं, नुसती शिंगं आणि नाकपुड्या दिसत होत्या. मग खूर टेकले आणि ती निथळत कुंदाच्या शेजारून वर चढली.

"यमुना. द्वारका. इंदू."

एकेक नाव आणि एकेक उडी. पाणी चढतच होतं, आणि हजेरीच्या भरात कुंदाला आपण कुठं उभ्या आहोत याचं भान उरलं नाही. तेवढ्यात कुणीतरी मागून तिचा दंड धरला. भय्यासाहेब धोतर खोचून पाण्यात उभा होता.

"मागे हो, कुंदे. गुडघा."

ती एक पाऊल मागं आली. पाणी पुन्हा चढलं, त्यानं पुन्हा ओढलं. ती नावं घेत होती, तो तिचा गुडघा सांभाळत होता. जो माणूस सकाळी तिचं व्रत मोडायला आला होता, तो आता ते बोटभरसुद्धा बुडू देईना. "गुडघा, गुडघा," असं तो दर नावामागं पुटपुटत होता, आणि सुखलाल येणाऱ्या गाईच्या शिंगांना दोर टाकून तिला वर घेत होता.

शेवटी हजेरीत एकच नाव उरलं. तांबडी गाय उंचवट्याच्या शेवटच्या तुकड्यावर एकटी उभी होती, पाणी तिच्या पोटाला लागलं होतं. कुंदाचा घसा बसला होता. तिनं तीनदा हाक दिली, तीही फाटक्या आवाजात. गाय जागची हलली नाही. मग कुंदानं कमरेवर हात ठेवले. आवाज बसला असला तरी बाई होत्या त्याच होत्या.

"बेबी, गैरहजर मांडू का?"

शाळेतली बेबी या वाक्याला धावत यायची. ही गाय कशाला आली ते तीच जाणे. पण आली, सगळ्यांपेक्षा जास्त वाहवत गेली, झाडाच्या पार खालच्या मुळीशी जाऊन लागली, आणि सुखलालनं तिला गळामिठी मारून वर काढलं. सुखलाल रडत होता. कुंदा हसत होती, आणि तिचं लुगडं गुडघ्याच्या वर कोरडं होतं.

"सगळ्या हजर," ती भावाला म्हणाली.

पाण्याचा जोर ओसरेपर्यंत भय्यासाहेब तळावरच राहिला. निघायच्या दिवशी त्यानं लाडवांचा डबा तिच्या हातात दिला. घरी चल, हे शब्द त्यानं पुन्हा काढले नाहीत. कुंदा तीरावर उभी होती, मागं गाई रवंथ करत होत्या. भय्यासाहेब एकटाच नावेत बसलेला पाहून नावाडी थबकला. बाई जी येणार होत्या ना, असं त्यानं विचारलं.

"ती पायी येऊन राहिली," भय्यासाहेब म्हणाला, आणि छाती जरा पुढं काढून बसला. "समुद्रावरून."