गोधडीचे डोंगर

"या खिंडीतून गेलं की दहा दिवस," मिझोगुची-सेन्सेईंनी गोधडीची एक घडी चिमटीत धरून जरा वर उचलली, तसा डोंगर आणखी उंच झाला. "आणि या सपाट वाटेनं गेलं तर महिने. बोला, दाबके-सान. कुठून जायचं?"

चंद्रहास दाबके समोर मांडी घालून बसला होता. क्योतोला शिकायला आला त्याला आता सव्वीस वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं तो आपल्या या गुरूंना एकच उत्तर देत आला होता. खिंडीतून. आज मात्र तो वाद घालायला आलेला नव्हता.

गोधडी त्याच्याच आईनं शिवलेली, जुन्या लुगड्यांची. पहिल्या थंडीत त्यानं ती सेन्सेईंना मोठ्या मानानं नेऊन दिली होती. गुरुजींनी ती एकदाही अंगावर घेतली नाही. जमिनीवर पसरून, चुरगळून तिचे डोंगर केले. त्यांवर अझुकीचे, म्हणजे जपानी लाल चवळीचे दाणे, ते लढणारे; आणि तांदळाचे दाणे, ते धान्य वाहणारे.

गोष्ट अठराशे वर्षांपूर्वीच्या चीनमधली. वेई यान नावाचा सरदार झुगे लियांग या सेनापतीला म्हणाला, मला पाच हजार लढणारे द्या आणि पाच हजार धान्य वाहणारे. खिंडीतून जातो, दहा दिवसांत शत्रूच्या शहरावर धडकतो. सेनापती म्हणाला, नको, धोका फार आहे. त्यानं सुरक्षित वाट धरली, आणि ते शहर त्याच्या हाती लागलं नाही ते नाहीच. झाली गोष्ट. पण एवढ्यावरून विद्वान अजून भांडतात, आणि त्यांतले दोघे या खोलीत बसलेले. सेन्सेई सेनापतीच्या बाजूचे. चंद्रहास सरदाराच्या. त्याचा प्रबंध वाचून लोक म्हणत, काय जहाल माणूस असेल हा!

जहाल कसला? स्वच्छ उन्हात छत्री घेऊन निघणारा माणूस. रस्त्यावर चिटपाखरू नसताना हिरव्या दिव्याची वाट बघत उभा राहणारा. विद्यापीठात दरवर्षी नव्यानं कंत्राट घ्यायचं, कायमच्या जागेबद्दल विचारायचीही छाती व्हायची नाही. सगळी हिंमत बिचाऱ्यानं त्या सरदाराच्या नावे खर्च केली होती.

आणि दोन हजार अकराचा मार्च. भूकंप झाला, लाट आली, फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली. क्योतो तिथून पाचशे किलोमीटरवर. पण पुण्याहून आईचे तासातासाला फोन, राधिकाही घाबरलेली. चंद्रहासनं तिकिटं काढली आणि बायकोला घेऊन काढता पाय घेतला. सेन्सेईंना सांगितलंसुद्धा नाही. नेमक्या त्याच दिवसांत फुकुशिमाच्या डोंगरातलं सेन्सेईंचं गाव रिकामं करत होते आणि त्यांचा थोरला भाऊ एका शाळेच्या जिमखान्यात पुठ्ठ्यावर झोपत होता. तीन आठवड्यांनी चंद्रहास चितळ्यांची बाकरवडी घेऊन परतला. सेन्सेईंनी पुडा दोन्ही हातांनी घेतला आणि एवढंच विचारलं, "घरचे बरे आहेत ना?"

त्याला सहा वर्षं झाली. चंद्रहासची माफी मात्र मागायची राहूनच गेली होती.

आता सेन्सेई ब्याऐंशीचे. बायको गेलेली, भाऊ तात्पुरत्या वस्तीतच वारला. या वसंतात सरकारनं गावकऱ्यांना परतायची परवानगी दिली, आणि म्हातारबुवांनी जाहीर केलं की आपण गावच्या घरी राहायला जाणार. एकटे. त्यांची मुलगी नाओको तोक्योहून चंद्रहासला फोन करून रडली होती. हृदय अधू आहे, दवाखाना तासभर लांब, शेजारी कुणी परतलेलं नाही. ते तुमचं ऐकतील, दाबके-सान, काहीही करून थांबवा त्यांना. त्याकरताच तर तो आज आला होता.

"सेन्सेई," त्यानं घसा साफ केला, "जन्मभर तुम्ही सपाट वाटेची बाजू घेतलीत. आणि आता..."

"सेनापतीच्या हातात दुसऱ्यांचे जीव होते. त्यानं सांभाळूनच जायला हवं होतं. माझ्या हातात माझाच एक आहे, तोही जुना." सेन्सेई हसले. मग त्यांनी एका बोटानं तांदळाचा एक दाणा खिंडीत सरकवला. "आपण दोघं सरदार-सेनापतीवरून इतकी वर्षं भांडलो. या पाच हजारांचं कधी बोललोच नाही. हे परत कसे येणार होते?"

चंद्रहासनं आठवून पाहिलं. "नोंद नाही."

"नाहीच," सेन्सेई म्हणाले. "गावातलं दुकान अजून उघडलेलं नाही. दहा दिवसांचे तांदूळ न्यावे लागतील. मला उचलत नाहीत."

त्यांनी मागितलं काहीच नाही. मागणाऱ्यांतले ते नव्हतेच.

घरी राधिका प्लास्टिकचा कचरा वेगळा करत बसली होती.

"काय रे, ऐकलं का त्यांनी?"

"मी सांगितलंच नाही."

"म्हणजे? नाओकोला प्रॉमिस केलं होतंस ना?"

"राधिका, तेव्हा मी त्यांना न सांगता पळालो."

"आपण पळालो," ती म्हणाली. "मीच बॅगा भरल्या होत्या." हातातली बाटली तिनं धुऊन बाजूला ठेवली. "मग आता काय करणारेस?"

"त्यांना पोचवायला जातो. तांदूळ घेऊन."

"त्यांना तिथे काही झालं तर ती तुला जन्मभर बोल लावेल. कळतंय ना?"

"कळतंय," तो म्हणाला, आणि त्याला खरंच भीती वाटत होती. त्यानं नाओकोला फोन लावला. नाओको-सान, मी त्यांना अडवणार नाही, सोबत जातो आहे. मग ती म्हणाली, "सकाळच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत." आणि तिनं फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटी ते निघाले. दोन गाड्या बदलल्यावर डोंगर सुरू झाले आणि धुकं खाली उतरलं. सेन्सेई खिडकीला डोकं टेकून झोपले. चंद्रहासचेही डोळे जड झाले, आणि त्याला रुळांच्या कडेनं माणसं चाललेली दिसू लागली. पाठीवर पोती, पायांत गवताच्या चपला, कुणी बोलत नव्हतं. त्यांतला एक जण खिडकीशी आला. दाढी वाढलेली, घामेजलेला, ओळखीचा वाटणारा. किती राहिलं, असं त्यानं विचारलं. चंद्रहासला सांगता येईना, कारण त्यानं जन्मभर फक्त सरदारांच्या वाटा मोजल्या होत्या. जाग आली तेव्हा बाहेर चेरीची झाडं फुललेली होती. एकेका अंगणात, बंद घरांपुढं, बघायला कुणी नसताना.

बसथांब्यापासून घर चढावर. दहा किलोचं पोतं पाठीवर घेऊन चंद्रहास चालला. दर वीस पावलांना सेन्सेई थांबत, छातीवर हात ठेवत, आणि प्रत्येक वेळी चंद्रहासचं धाबं दणाणे. मागे फिरू या, हे शब्द अगदी ओठांवर येत. ते गिळून तो नुसता शेजारी उभा राहिला.

घर उघडलं. आत थंडगार, उंदरांचा वास. दोघांनी झाडलं, पुसलं, तांदूळ डब्यात ओतले, भात शिजवला. मग सेन्सेईंनी गोधडी काढली, आणि चंद्रहासला वाटलं, आता पुन्हा डोंगर. पण त्यांनी ती नीट सपाट अंथरली, कोपरे ओढले आणि हातानं सुरकुत्या काढल्या. "आज पांघरणार," म्हणाले. "इथे थंडी असते."

सकाळी निघताना चंद्रहासनं रिकाम्या पोत्याची घडी घातली आणि एकदाचं बोलून टाकलं. "सेन्सेई, तेव्हा मी पळून गेलो होतो. तुम्हाला न सांगता. माफ करा."

सेन्सेईंनी कपाटातून एक जुनी डायरी काढली, चष्मा लावून पान शोधलं आणि त्याच्यापुढं धरलं. एप्रिल दोन हजार अकरा. त्या पानावर एकच ओळ होती. दाबके परत आले.

"तुम्ही गेल्याची नोंद मी केली नाही," सेन्सेई म्हणाले. "घाबरलात, गेलात. माणसं जातात. चला, बस चुकेल तुमची."

चंद्रहासला रडू फुटलं. भर उजेडात, बावन्नाव्या वर्षी. सेन्सेई अंगणातल्या चेरीकडे बघत उभे राहिले.

मे, जून, सगळा उन्हाळा पत्रं आली. शेजारची एक आजी परतली. मुळे चांगले आले. नोव्हेंबरात नाओकोचा फोन आला. सेन्सेई झोपेतच गेले होते. चंद्रहास बोल ऐकायला तयार होऊन बसला. ती म्हणाली, "खूप वर्षांनी ते स्वतःच्या घरी झोपले, दाबके-सान."

महिन्याभरानं पार्सल आलं. आत गोधडी होती, धुतलेली, चौकोनी घडी घातलेली. चंद्रहासनं ती उन्हात पसरली. तिचे डोंगर करायला त्याचा हात धजेना. राधिकानं एक टोक धरून झटकलं, तर शिवणीतून काहीतरी फरशीवर पडलं.

"तांदूळ आहे रे," ती वाकली. "टाकते."

"नको," चंद्रहास म्हणाला. "राहू दे. परत आलाय तो."

तिनं दाणा त्याच्या तळहातावर ठेवला आणि गोधडीचं दुसरं टोक वाळत घातलं.