पहिल्या पानाचा पॅड

मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता ना, तसाच. माझा एक कोपरा फुटला आहे आणि लोखंडी चापाला गंज चढला आहे.

मित्रांनो, मला एका मोठ्या तक्त्यातून कापले, माझ्या कडा घासल्या, चाप ठोकला आणि इस्पितळात पाठवले. तिथे मी एका खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असे. वॉर्डातल्या एक सिस्टर माझ्यावरच्या कागदावर ताप आणि नाडी भराभर लिहीत. आकडा चुकला तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहीत आणि पुढच्या खाटेकडे जात. मोठे डॉक्टर म्हणत, "या सिस्टरांच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवावा." त्या कौतुकात मी माझाही वाटा धरत असे.

पुढे माझा कोपरा फुटला आणि मला मोडीत काढले. सिस्टरांनी मला पिशवीत घालून घरी नेले. त्यांना कादंबरी लिहायची होती.

त्यांचे वडील सूतगिरणीत कामाला होते. त्यांच्या तरुणपणी गिरणीला आग लागली. तिसऱ्या मजल्याच्या दाराला बाहेरून कुलूप होते. आत अडकून नऊ जण मेले. किल्ली कोणाकडे होती हे वडिलांना ठाऊक होते, पण ते त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. "तू लिहिणार असशील तर सांगेन," ते लेकीला म्हणाले.

ड्यूटी संपली की सिस्टर मला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसत. पहिले वाक्य लिहीत, खोडत, कागद फाडत, नवा लावत. धुराचा वास नीट उतरला नाही म्हणून पान फाडले. उतरला, तेव्हा वाक्य लांबले म्हणून फाडले.

"अजून आगीपर्यंत पोचली नाहीस तू," वडील म्हणत. "पुढचं विचार ना. किल्लीचं सांगायचंय मला."

"आत्ता नको, बाबा. आधी हे पान मनासारखं होऊ दे. तुमची गोष्ट मला नासवायची नाहीये."

"बरं," ते म्हणत.

अशी चार वर्षे गेली. शेवटी शेवटी तर सिस्टर कोऱ्या कागदाकडे नुसत्या बघत राहत. मग त्यांनी मला कपाटामागे सारले. तिथल्या ओलीने माझ्या कडा फुगल्या.

इकडे वडील विसरू लागले. आधी चष्मा, मग घराची वाट. एका दुपारी त्यांनी लेकीलाच विचारले, "बाई, तुम्हाला कोण हवंय?"

सिस्टरांनी मला ओढून काढले, धूळही पुसली नाही.

"बाबा, किल्ली कोणाकडे होती?"

"कसली किल्ली?"

"गिरणीची. तिसऱ्या मजल्याची."

वडिलांनी घाबरून आपले दोन्ही खिसे चाचपले. "मी नाही हो घेतली," ते म्हणाले.

त्या दिवसापासून सिस्टरांनी एकही पान फाडले नाही. अक्षर वेडेवाकडे आले, वाक्ये अडखळली, तरी त्या लिहीत गेल्या. चुकले तिथे एक रेघ मारली. माहीत नव्हते तिथे जागा मोकळी सोडली. जुन्या कामगारांना गाठून त्यांनी आठ नावे मिळवली. नववे कोणालाच आठवेना.

तीन महिन्यांनी लिखाण संपले आणि त्यांनी ते वडिलांना वाचून दाखवले. वडील लहान मुलासारखे मन लावून ऐकत होते.

"मग दार कोणीच उघडलं नाही?" त्यांनी विचारले.

"नाही, बाबा."

त्यांचे डोळे भरून आले. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "तुमच्या ओळखीचे होते का ते?"

सिस्टरांनी कागद माझ्यावर लावले आणि चाप बंद केला. त्या हिवाळ्यात वडील गेले.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, चापाला थेंबभर तेल द्या, एवढे तर मागतोच. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. घरातले कोणी काही सांगू लागले, तर त्याच दिवशी लिहून घ्या. वाईट लिहा, पण शेवटापर्यंत लिहा. मी चार वर्षे एकच पान धरून बसलो होतो. सांगणारा माणूस माझ्यासमोरच बसलेला होता.