चाळीस फुटांवरची नखं

कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि न ठेवलेलाच बरा. पण आमच्या डॉक्टर बालाजीरावांनी विधानसभेत चाळीस फुटांवरून एका मंत्र्याची नखं पाहून त्याच्या फुप्फुसातला आजार ओळखला होता. मी वर पाहुण्यांच्या गॅलरीत होतो. अंबत्तूरच्या दवाखान्यात मी त्यांचा कंपाउंडर. ते आमदार झाले तेव्हा मी कंपाउंडरचा पी.ए. झालो.

हे मी रविवारी दुपारी देविकाला सांगत होतो. डॉक्टरांची ही नात, स्वतःही डॉक्टर. पक्षाने तिला आजोबांच्याच मतदारसंघाचं तिकीट देऊ केलेलं, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आजोबांनी पाच वर्षांत राजकारण का सोडलं? डॉक्टर खिडकीशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले. हल्ली दुपारी ते बोलत नाहीत, म्हणून मला रान मोकळं.

"कुठला मंत्री, नागोजीमामा?" रोग्याला 'दारू दिवसाला किती घेता' विचारावं, तसा तिचा सूर.

रामस्वामी, मी म्हटलं. समोरच्या पक्षाचा. आणि आमच्याकडची रीत तिला ठाऊक आहे. समोरच्यांकडे लग्न असो की मयत, पाऊल टाकायचं नाही. लॉबीत नुसतं हसलात, तरी संध्याकाळपर्यंत टीव्हीवर तुम्ही फुटलेले. आमचा एक आमदार लिफ्टमध्ये चुकून त्यांच्यातल्या एकाला 'वणक्कम', म्हणजे नुसता नमस्कार, म्हणाला, तर पक्षाने महिनाभर त्याच्या पाळतीवर दोन माणसं ठेवली. त्यातला एक मीच.

तर रामस्वामीने भाषणात हात वर केला. नखं फुगलेली, पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. मग माइकमधून खोकला. डॉक्टरांनी शिपायाकरवी मला चिठ्ठी धाडली, 'उजवं फुप्फुस. लवकर उपचार झाले तर वाचेल.'

"आहे ती चिठ्ठी?"

उंदरांनी खाल्ली, मी म्हटलं. तिने भुवई उचलली. मी पुढे रेटलं.

डॉक्टर उठले. सगळं सभागृह ओलांडून पलीकडे गेले, रामस्वामीचा हात हातात घेतला आणि कानात सांगितलं. आमचे ओरडले, फुटला. त्यांचे ओरडले, डाव आहे, मंत्र्याला आजारी ठरवून खुर्ची रिकामी करतायत. रामस्वामीने मात्र त्याच दुपारी नुंगंबाक्कमच्या इस्पितळात एक्स-रे काढून घेतला, आणि वाचला. दर उन्हाळ्यात आंबे पाठवायचा, कोणाला कळू नये म्हणून कांद्याच्या पोत्यातून. आणि आमच्या पक्षाने डॉक्टरांचं तिकीट कापलं.

देविका आजोबांच्या खुर्चीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "आजोबा तेव्हा सभागृहात उठू शकले, तर मलाही जमेल. उद्या हो कळवते."

मला तेच हवं होतं. त्या घरातून पुन्हा कोणीतरी आमदार व्हावं, एवढ्यासाठी तर मी दुपार खर्ची घातली होती.

"नागोजी." डॉक्टरांनी डोळे उघडले नव्हते.

मी म्हटलं, तुम्ही पडा, अण्णा.

"रामस्वामी नंतर दोनदा लॉबीत समोर आला. आपली माणसं बघत होती. नखं दिसल्यापासून पाचव्या महिन्यात तो वारला. तिकीट कुणी कापलं नाही, मीच नको म्हटलं." ते थांबले. मग मान तिच्याकडे वळवून म्हणाले, "हा खोटं सांगतोय, देविका. मी जागचा उठलोच नाही."