बोनच्या दिवशीची कळी

मित्रांनो, मला पाहून कुणी म्हातारा म्हणत नाही, कारण माझी उंची बेताचीच. एकाच्या खांद्यावर एक अशी दोन माणसे उभी राहतील एवढाच मी वाढतो. पण मी जुना आहे. ज्या कुंभारवाड्यात मी उभा आहे, तिथल्या कित्येक भट्ट्या माझ्यासमोर पेटल्या आणि कायमच्या विझल्या. मी तारा मॅग्नोलिया, तुमच्याकडच्या कवठी चाफ्याचा लांबचा भाऊ. जपानातल्या या तोकी गावात मला शिदेकोबुशी म्हणतात. इथे देवळाच्या दोरीला कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या लावतात, तशा माझ्या पाकळ्या असतात.

माझा जन्म डोंगराखालच्या पाणथळ दरीतला. माझ्या दुर्दैवाने त्याच दरीच्या पोटात भांड्यांची उत्तम माती होती. ती खणायला माणसे आली तेव्हा एका बापाने मला मुळांसकट उचलले आणि लग्न होऊन निघालेल्या आपल्या मुलीच्या हाती दिले. तिचे नाव फुमिए. म्हणजे मी या घरात आलो तो तिच्याबरोबर, माहेरची वस्तू म्हणून.

तिच्या नवऱ्याने, तोकुजींनी, मला भट्टीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात लावले. आठ दिवसांत माझी पाने करपली. फुमिएंनी मला उचलून न्हाणीचे पाणी वाहते त्या पाटाजवळ आणले आणि माझ्या पायाशी वाळल्या पानांचा जाड थर घातला. माझी मुळे वरच्यावर असतात, त्यांना ओल लागते. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, त्या माझ्याच दरीतल्या होत्या.

मार्चमध्ये, अंगावर एकही पान नसताना, मी फुलून यायचो. बुलबुल पाकळ्या खायला आले की फुमिए त्यांना शेजारणीला बोलावे तसे फैलावर घ्यायच्या. उशिराचे गोठवणारे दहिवर पडणार असे वाटले की माझ्यावर जुनी चादर टाकायच्या. तोकुजी चिडवायचे, "मला पडसं झालं तेव्हा कुणी पांघरूण घातलं नव्हतं." त्यावर त्या म्हणायच्या की तुम्हाला फुलं कुठे येतात. फुले गळली की त्याच आठवड्यात कात्री घेऊन त्या माझ्या दोन-चार फांद्या कमी करायच्या, आणि मग वर्षभर मला हात लावायच्या नाहीत.

पुढे त्यांचे पाय गेले. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात त्यांची सोय झाली आणि बाग तोकुजींकडे आली. त्यांनी मला टाकले नाही, उलट जिवापाड जपले. तिथेच सगळा घोटाळा झाला. आमच्या गल्लीत नवे वर्ष येण्याआधी घरेदारे, कुंपणे, झाडे सगळे नीटनेटके करतात. तोकुजी जन्माचे कुंभार. डिसेंबरात त्यांनी मला कातरून कातरून पालथ्या वाडग्यासारखे गोल केले. लोकांनी वाखाणणी केली. पण फांद्यांच्या टोकांवर माझ्या केसाळ कळ्या होत्या. त्या पोत्यात भरून गेल्या.

वसंत आला आणि मी नुसताच हिरवा झालो. आतल्या बाजूला लपलेली एक-दोन फुले होती, ती बुलबुलांनी खाल्ली. फुमिए फोनवर विचारायच्या, फुललं का. तोकुजी ओसरीवर बसून, माझ्याकडे पाठ करून सांगायचे की भरभरून फुललंय. अशी तीन वर्षे गेली. ते मला खत घालायचे, माझ्याशी बोलायचे, कधी रागवायचेही. मला ओरडून सांगावेसे वाटे की अहो, मी रुसलो नाही.

मग एका ऑगस्टमध्ये, पितरांच्या बोन सणाला, आश्रमाच्या गाडीने फुमिए एका दिवसासाठी घरी आल्या. त्यांची चाकाची खुर्ची माझ्यापाशी आणली. त्यांचा हात माझ्या अंगावरून फिरला. किती दिवसांनी!

"असं गोल कुणी केलं?"

"मीच," तोकुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होते. "दर डिसेंबरात करतो. नव्या वर्षाला घर भकास दिसायला नको."

फुमिएंनी एक फांदी वाकवली. तिच्या टोकाशी गव्हाएवढी केसाळ कळी होती. "पुढच्या वसंतातलं फूल आत्ताच इथं येऊन बसलंय बघा. डिसेंबरात कापता, म्हणजे काय कापता?" त्यांनी फांदी सोडली. "मग मला फोनवर काय सांगत होता?"

तोकुजींनी मान खाली घातली. "तुला वाईट वाटलं असतं गं."

"वाटलं असतं. पण झाडाला फुलं आली असती."

त्या डिसेंबरात कात्री निघाली नाही. शेजारच्या नोबुए काकूंनी टोमणा मारलाच, की बायको घरात नसली की अशी अवकळा येते. लोकांच्या बोलण्याला जन्मभर घाबरणारे तोकुजी नुसते हसले. मी विस्कटलेल्या केसांनी नव्या वर्षात गेलो.

मार्चमध्ये मी असा फुललो की पाटावर पांढरा उजेड पडला. पण फुमिएंच्या छातीत कफ भरला होता, त्यांना आणता येईना. तोकुजींनी एक फांदी कापली, ओल्या कागदात गुंडाळली आणि टेकडीवर नेली. संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी परतले. नोबुए काकू विचारपूस करायला आल्या, तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी सांगितले ते मीही ऐकले. फुमिएंनी फांदी गालाला लावून धरली होती. मग म्हणाल्या होत्या, "फुलं गळली की लगेच छाटा. मी यायची वाट बघू नका."

त्या परत आल्या नाहीत.

मित्रांनो, झाडाला खत-पाणी द्या, पण त्याच्या वेळा आधी जाणून घ्या. ज्याला त्या ठाऊक आहेत ते माणूस जवळ असेल, तर त्याचे मन राखण्यासाठी खोटे सांगू नका, मोकळेपणाने विचारा. विचारायचे राहून गेले की मग चुकतमाकतच शिकावे लागते.

आता दर वर्षी शेवटची पाकळी गळली की तोकुजी कात्री घेऊन येतात. एक फांदी कापतात, थांबतात आणि फुमिएंना विचारावे तसे मागे वळून ओसरीकडे बघतात. तिथे कुणी नसते. मग ते दुसरी फांदी धरतात. त्यांचा हात आता अगदी बरोबर पडतो, आणि ते त्यांना सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलेले नाही.